रविवारचा खाडा कोणी भरायचा?



पांढुर्णा आणि सौंसर भागातल्या आम्हा काही जणांचा एक छोटा शास्त्राभ्यास चालतो. त्यात सध्या आम्ही जुन्या करारातले एकेक इब्री क्रियापद घेतो आणि ते पवित्र शास्त्रात कुठे कुठे येते ते शोधून काढतो. आमच्यात कोणी इब्रीचा पंडित नाही. शब्दकोश, शब्दसूची आणि दोन-तीन भाषांतली बायबले समोर ठेवून जेवढे उकलते तेवढे उकलतो. या वेळी ‘शाबत’ हे क्रियापद घेतले. वाटले होते की एका बैठकीत होईल. ते चार बैठका पुरले आणि शेवटी आपल्या शेतातल्या हजेरीच्या वहीपर्यंत येऊन थांबले. म्हणून हे चार शब्द.

शीन, बेथ आणि ताव ही त्याची तीन अक्षरे. आजचे इस्राएली लोक उच्चार ‘शावत’ असा करतात. आपल्या ओळखीचा ‘शब्बाथ’ याच धातूशी जोडलेला आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देवाने सृष्टीचे काम पुरे केले तिथे, ‘शब्बाथ’ हे नाम येतच नाही. फक्त हे क्रियापद दोनदा येते. आपण ते लहानपणापासून विसावा, विश्रांती या अर्थाने ऐकत आलो. त्यामुळे डोळ्यांपुढे दमलेला माणूस खाटेवर पडल्याचे चित्र येते, आणि मग संडे स्कूलमधले एखादे चुणचुणीत पोर हमखास विचारते की देव दमतो का?

पण क्रियापदाचा मूळ अर्थ साधा आहे: थांबणे, बंद होणे, खंड पडणे. जलप्रलयानंतर देव नोहाला सांगतो की पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र यांत खंड पडणार नाही (उत्पत्ती ८:२२). तिथे ‘शाबत’ आहे, आणि दिवस-रात्र विसावा घेणार नाहीत असे कोणी त्याचे भाषांतर करत नाही. कनानच्या धान्याची चव घेतल्यावर मान्ना पडायचा बंद झाला (यहोशवा ५:१२), तिथेही हेच. ईयोबाचे तिघे मित्र बोलायचे थांबले (ईयोब ३२:१), तिथेही हेच. आणि ते दमून थांबले नव्हते, त्यांचे मुद्दे संपले होते. विलापगीताच्या शेवटच्या अध्यायात वडीलधारे वेशीत बसेनासे झाले, मनातला आनंद बंद पडला, असे येते. तेही शाबत. म्हणजे हे क्रियापद सुखाचेही नाही आणि दुःखाचेही नाही. चालू असलेली गोष्ट थांबली, एवढेच ते सांगते.

विश्रांतीसाठी इब्रीत वेगळे क्रियापद आहे, ‘नुआख’. निर्गमच्या विसाव्या अध्यायातल्या दहा आज्ञांत, देव सातव्या दिवशी काय करता झाला हे सांगताना तेच वापरले आहे. आणि तिसरेही एक आहे, ‘नाफाश’. ते ‘नेफेश’ म्हणजे श्वास, जीव या शब्दावरून आले. आपण म्हणतो ना, जरा दम घेऊ दे, जीव थाऱ्यावर येऊ दे, तेच. हे तिसरे क्रियापद सबंध जुन्या करारात फक्त तीन ठिकाणी येते. एकदा दावीद पळून पळून थकतो तेव्हा (२ शमुवेल १६:१४). एकदा देवाविषयी: तो थांबला आणि त्याने दम घेतला (निर्गम ३१:१७). आणि एकदा दासीच्या मुलाविषयी आणि उपऱ्याविषयी (निर्गम २३:१२). आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याला जे क्रियापद लावले, तेच घरात राबणाऱ्या बाईच्या पोराला. या ठिकाणी आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

निर्गम २३:१२ हे वचन मुद्दाम उघडून वाचावे. त्यात ही तिन्ही क्रियापदे एका वाक्यात आहेत आणि ती तिघांत वाटलेली आहेत. मालकाने ‘शाबत’ करायचे, काम बंद ठेवायचे. कशासाठी? तर त्याच्या बैलाला आणि गाढवाला ‘नुआख’ मिळावी, आणि दासीच्या मुलाला व परक्याला दम घेता यावा. आज्ञा मालकाला आहे. फळ दुसऱ्याच्या पदरात पडायचे आहे. रविवारी आपल्याला कसे ताजेतवाने वाटते, यावर आजवर पुष्कळ प्रवचने ऐकली. या वचनात तो विषयच नाही.

बैल थांबवणे म्हणजे काय हे आपल्या भागाला कोणी शिकवायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात, शेकतात, आणि पोळ्याला जू मानेवर ठेवत नाहीत. आपल्यातल्या ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत ते पूजा करत नसतील, पण त्या दिवशी बैल जुंपतही नाहीत. शेजारधर्म म्हणा, रीत म्हणा. निर्गमातले हे वचन वाचल्यावर त्या रितीकडे पाहून नाक मुरडण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. आता बैल कमी झाले आणि ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला पोळा नाही, आणि ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पोरालाही नाही.

मराठी मुलखात हे क्रियापद सर्वांत आधी कोणी आचरले असेल तर ते कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत राहणारे, मराठी बोलणारे हे यहुदी पुष्कळसे तेलाच्या घाण्यावर पोट भरत. शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ इब्री शास्त्राची पोथी नव्हती, भाषाही जवळपास विसरली होती. पण शनिवारी घाणा फिरायचा नाही हे विसरले नाहीत. पुढे १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत त्यांच्या उपयोगासाठी मराठीतून इब्री व्याकरण छापले. नंतर पंडिता रमाबाईंनी केडगावी स्वतः इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले आणि १९२२ साली डोळे मिटण्यापूर्वी ते काम तडीस नेले. तेव्हा मराठी माणसाने इब्री क्रियापदाच्या मागे लागावे यात नवे काही नाही.

मराठीत ‘थांबणे’पासून ‘थांबवणे’ होते, तसे इब्रीतही ‘शाबत’पासून ‘हिश्बीत’ होते: थांबायला लावणे, बंद पाडणे. हे रूप शास्त्रात पहिल्यांदा कोणाच्या तोंडी येते? फारोच्या. मोशे आणि अहरोन येऊन सांगतात की आमच्या लोकांना रानात जाऊन सण करू दे, आणि फारो उसळून म्हणतो की तुम्ही यांना त्यांच्या ओझ्यापासून थांबवता आहात (निर्गम ५:५). त्याच दिवशी तो हुकूम काढतो की यांना पेंढा द्यायचा नाही, पण विटा मात्र तेवढ्याच भरल्या पाहिजेत. त्याच्या मते हे लोक आळशी आहेत, म्हणून उपासनेच्या गोष्टी करतात. हे बोलणे आम्हाला ओळखीचे वाटले. हंगामात एखादी बाई म्हणाली की उद्या रविवार आहे, येणार नाही, तर बांधावरून हेच उत्तर मिळते. मिसर देशाचे नाव तेवढे त्यात नसते.

आमोसाने तर या क्रियापदाशी मोठाच खेळ केला आहे, आणि भाषांतरात तो दिसत नाही. आठव्या अध्यायात धान्याचे व्यापारी आहेत. शब्बाथ कधी संपेल आणि आम्ही गव्हाची कोठारे कधी उघडू, एफा लहान कसा करू, वजन जड कसे करू, असे त्यांच्या मनात चालले आहे. दुकान बंद आहे, माणसे कदाचित उपासनेतही बसली असतील, पण चित्त तराजूवर आहे. संदेष्टा त्यांच्याविषयी चौथ्या वचनात म्हणतो की ते देशातल्या गरिबांना ‘लश्बीत’ करू पाहतात, म्हणजे संपवू पाहतात. पाचव्या वचनात ‘शब्बाथ’. एकाच धातूचे दोन शब्द लागोपाठ. आपला धंदा थांबवणे ज्यांच्या जिवावर येते, ते गरिबाला थांबवतात, असे काहीसे मराठीत म्हणता येईल, पण मूळ इब्रीत ऐकणाऱ्याच्या कानाला बसणारा चटका त्यात येत नाही.

आता आमच्या अभ्यासातला तो भाग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

निर्गम २१, वचने १८ आणि १९. दोन माणसांचे भांडण होते आणि एक दुसऱ्याला दगड किंवा बुक्की मारतो. मार खाल्लेला मरत नाही, पण अंथरुणाला खिळतो. पुढे तो उठून काठी टेकत बाहेर हिंडू-फिरू लागला, तर मारणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र त्याने दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. त्याला पूर्ण बरा करायचे, आणि त्याचा ‘शेबेत’ भरून द्यायचा. ‘शेबेत’ म्हणजे काम थांबल्यामुळे गेलेला काळ, बुडालेली कमाई. काही अभ्यासक हा शब्द ‘यशब’ म्हणजे बसणे या धातूकडे नेतात. बसून राहावे लागल्याचे दिवस, असे. अर्थ तोच राहतो. यहुदी शास्त्र्यांनी तर इजा करणाऱ्याने भरायच्या पाच बाबी ठरवल्या, आणि त्यांतली एक बाब याच नावाने ओळखली जाते. आम्ही मराठी शब्द शोधत होतो आणि तो आमच्यातल्या एका मजूर बहिणीने पटकन दिला: खाडा. हजेरीच्या वहीत जो दिवस कोरा राहतो आणि आठवड्याच्या चुकाऱ्यातून कापला जातो, तो खाडा. त्याने खाडा भरून द्यायचा, एवढेच शास्त्र म्हणते.

दगडाने जखमी झालेला माणूस आणि त्याचा बुडालेला रोज. पांढुर्ण्यात बसून हे वाचताना मनात जाम नदी आल्याशिवाय राहत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. मधे पात्रात रोवलेले पळसाचे झाड, त्यावर झेंडा, आणि दिवसभर दोन्हीकडून दगड. एका काठचा मुलगा आणि दुसऱ्या काठची मुलगी पळून जात असताना नदीत अडवले गेले, ही त्यामागची कथा सर्वांना पाठ आहे. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर जीवही गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदी करून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले; लोकांनी दगडच उचलले. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप आणि दुसऱ्या दिवशी माणसाच्या डोक्याला टाके, हा आपल्या गावाचा विरोधाभास आम्हाला दरवर्षी नव्याने खुपतो.

गोटमार शेजाऱ्यांच्या श्रद्धेशी बांधलेली आहे आणि तिच्याविषयी निवाडा देत बसण्यासाठी आम्ही लिहीत नाही. पण दोन गोष्टी म्हणाव्याशा वाटतात. पहिली, शेहेचाळिसाव्या स्तोत्रात देवाचे वर्णन करताना हेच रूप वापरले आहे, ‘मश्बीत’: पृथ्वीच्या टोकापर्यंत लढाया थांबवणारा. तेव्हा आपल्या मंडळ्यांतल्या तरुणांनी त्या दिवशी काठावर जायचेच असेल तर पाणी आणि मलमपट्टी घेऊन जावे, आणि मोबाईलवर चित्रण करायला जाऊ नये. दुसरी गोष्ट निर्गम २१ ची. डोके फुटलेल्या माणसाला टाके मोफत पडत असतीलही, पण त्याचा पुढच्या पंधरा दिवसांचा खाडा कोण भरतो? दगड कोणी मारला हे गर्दीत कळत नाही, म्हणून तो कोणावरच येत नाही. घरातली बाई तो भरते, दुसऱ्याच्या शेतात जास्त ओळी वेचून.

(आपल्या मंडळ्यांतही जाम नदी आहे आणि दोन काठ आहेत, हे कोणी म्हणण्याआधी आम्हीच म्हणून टाकतो. जमिनीचे दावे, कमिटीच्या निवडणुका, कोणाचे आडनाव कुठल्या दगडी पाटीवर. नीतिसूत्रे १८:१८ मध्ये चिठ्ठ्या टाकल्याने तंटे थांबतात असे आहे, आणि तिथेही ‘शाबत’च आहे. इतका स्वस्त उपाय अजून कोणत्याही पक्षाने मागितलेला आम्ही ऐकला नाही.)

खाड्याच्या या अर्थाने मागे वळून शब्बाथाकडे पाहिले की एक प्रश्न उभा राहतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला आपण म्हणतो, रविवारी उपासनेला या. आपल्या कानाला हे निमंत्रण वाटते. त्याच्या कानाला ते एका दिवसाची मजुरी बुडवा असे ऐकू येते. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याचा रविवार फुकट आहे; शाळेत, बँकेत, रेल्वेत नोकरी करणाऱ्या भावाला शब्बाथासाठी एक पैसा मोजावा लागत नाही. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईला, संत्र्याच्या तोडीवर जाणाऱ्या पोराला, गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला तोच दिवस मोजून द्यावा लागतो. मग आपण हजेरी पाहतो आणि म्हणतो, ही कुटुंबे आत्मिक बाबतीत थंड आहेत. आमचे मत असे की हे बोलणे फारोच्या बोलण्याच्या फार जवळ जाते.

आणि गोष्ट इतकीही दूरची नाही. आपल्यातल्या कित्येकांकडे संत्र्याचा बगीचा आहे, कोणाकडे सालदार आहे, कोणाकडे धुणी-भांडी करायला बाई येते, कोणी ट्रॅक्टर भाड्याने चालवतो. आपण सकाळी स्वच्छ कपडे घालून उपासनेला येतो तेव्हा यांच्यापैकी कोण कुठे असते? आपण शाबत केले. आपल्या जागी दुसरा राबला. निर्गम २३:१२ नुसार हे शाबत झालेच नाही, कारण ज्याच्यासाठी ते सांगितले होते त्याच्यापर्यंत ते पोहोचले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की ज्याच्या हाताखाली एकही माणूस कायम कामाला आहे, त्याने त्याला आठवड्याचा एक दिवस द्यावा आणि त्या दिवसाची मजुरीही द्यावी. सुट्टी द्यायची आणि रोज कापायचा, याला शास्त्रात शब्बाथ म्हणत नाहीत. निर्गम २१ मधल्या हिशेबाने ती उधारी झाली.

यात आम्ही काही अवास्तव मागत नाही. १८९० पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधून ही मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. रविवार हा खंडोबाचा वार. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. पण निर्गमातले ते वचन या भूमीवर त्यांनी जितके अमलात आणले तितके आपल्यातल्या किती जणांनी आणले? स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या किमान वेतन कायद्याने, सात दिवसांत एक दिवस सुट्टी आणि त्या दिवसाचे वेतन, असा नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. मोशेच्या नियमशास्त्राइतके जुने नसले तरी हे आपल्या जन्माआधीपासून लिहिलेले आहे.

यावर येणारे आक्षेप आम्हाला माहीत आहेत, कारण ते आमच्याच बैठकीत आले.

एक भाऊ म्हणाले, बोंड फुटले आणि आभाळ भरून आले तर रविवार पाहायचा की कापूस? प्रश्न खरा आहे. भिजलेल्या कापसाला भाव मिळत नाही. पण निर्गम ३४:२१ हे वचन याच प्रश्नासाठी लिहिल्यासारखे आहे: नांगरणीच्या काळात आणि कापणीच्या काळातही थांबावे. रिकाम्या दिवसांत कोणीही थांबतो. त्याच वेळी प्रभूने विहिरीत पडलेल्या बैलाविषयी परूश्यांना काय विचारले तेही विसरू नये (लूक १४:५). आभाळ खरोखर फुटत असेल तर माणसे बोलवा, स्वतःही ओळीत उतरा, त्या दिवसाची जास्त मजुरी द्या आणि सोमवार त्यांना मोकळा सोडा. आमचा राग अडचणीच्या रविवारवर नाही. ढगाचा पत्ता नसताना मुकादमाला शनिवारी रात्री फोन जातो, त्यावर आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तीन एकरवाला शेतकरी स्वतःच कर्जात. संत्र्याला गळ लागली की वर्ष गेले. तो सहाव्या भागाची जादा मजुरी कुठून देणार? याचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही. ज्याच्याकडे कोणी कायमचा माणूसच नाही, त्याला ही आज्ञा त्या रूपात लागू होत नाही, एवढे सांगता येते. आणि ज्याच्याकडे आहे, त्याला आम्ही संत्र्याच्या झाडाचीच आठवण करून देऊ. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत आपण झाडाचे पाणी तोडतो, ताण देतो. पाने मलूल होतात, पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, नवखा माणूस तर घाबरून पाणी सोडून मोकळा होतो. जाणता शेतकरी हात बांधून बसतो, कारण ताण बसल्याशिवाय फूल नाही. ते थांबणे झाडाला आरामाचे नसते आणि मालकालाही नसते. आरामाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणूनच ‘शाबत’ला विसावा म्हणण्यापेक्षा ताण म्हणावे का, असा एक विचार आमच्यात निघाला होता. शब्द म्हणून तो टिकला नाही, पण शेतकरी भावांना क्रियापद त्यामुळे चटकन समजले. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीलाही सातव्या वर्षी शब्बाथ सांगितला आहे, त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

तिसरा आक्षेप थोडक्यात. नव्या करारात आपण नियमशास्त्राखाली नाही, शब्बाथ शनिवारी की रविवारी हा वाद जुना आहे, मग हे कशाला? वाराचा वाद ज्यांना घालायचा आहे त्यांनी घालावा. प्रभूने शब्बाथ मनुष्यासाठी झाला असे म्हटले तेव्हा त्यातल्या मनुष्याला त्याने मजुरांतून वगळले नव्हते. सभास्थानात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली बाई त्याने शब्बाथ दिवशी सरळ उभी केली, आणि अधिकारी रागावला तेव्हा त्याने गोठ्यातल्या बैलाचाच दाखला दिला: त्याला तुम्ही आज सोडून पाण्यावर नेता की नाही? (लूक १३:१५). कापसाच्या ओळीत दिवसभर वाकणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या बाईची पाठ निराळी समजावून सांगावी लागत नाही.

मंडळीने यात काय करावे? दुसऱ्याला सांगण्याआधी मंदिराच्या आवारातच पाहावे, असे आमचे म्हणणे आहे. रविवारी सर्वांत जास्त राबतो तो मंदिराचा चौकीदार. पहाटे झाडलोट, सतरंज्या, बाके, घंटा, पाणी, उपासनेनंतर पुन्हा सगळे जागेवर, संध्याकाळी एखादी सभा असली तर तेही. सोमवारी कमिटीच्या कोणाचे तरी काम निघते. पुष्कळ ठिकाणी या माणसाला आठवड्याचा एकही दिवस पक्का सुट्टीचा नसतो, आणि तो आजारी पडला तर खाडा धरतात.

आम्ही आमच्या कमिटीपुढे लेखी अर्ज ठेवला आहे: चौकीदाराला मंगळवारची सुट्टी, पगारासहित, आणि आजारपणाचे दिवस कापू नयेत. पाळकसाहेबांनी तो वाचून दाखवला. विरोध असा कोणी केला नाही; फक्त मंगळवारी फाटक कोण उघडणार आणि पैसा कोणत्या खात्यातून काढायचा, यावर चर्चा अडली. फाटकासाठी आम्ही आळीपाळीने सहा नावे दिली आहेत. पैशाबाबत खजिनदारांचे म्हणणे असे की इमारत निधीला हात लावता येत नाही. आम्ही सुगीच्या सणाचे अर्पण सुचवले आहे. पुढची सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, उपासनेनंतर आहे.